संदर्भसूचींतील दुवे: ते कां तुटतात व कसे सांधावे

गेल्या वर्षीं आपल्या शाळेंतील नवव्या इयत्तेच्या दोन मुलींनीं बारवी धरणावर एक छोटी पुस्तिका लिहिली, ती तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. बारवी हें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचें १९७२ सालचें धरण. त्याचें पाणी जांभूळ येथील केंद्रांत शुद्ध होऊन कारखान्यांना जातें, उल्हासनगरच्या नळांना जातें, आणि पुढें ठाणें जिल्ह्यांतील इतर शहरांनाही पोंचतें. पुढें धरणाची उंची वाढविण्यांत आली, तेव्हां काठचीं कांहीं गांवें व पाडे पाण्याखालीं गेले. मुलींनीं हें सर्व निवडून, पारखून लिहिलें. आणि शेवटीं, जेथून जेथून माहिती घेतली त्या चौदा ठिकाणांची संदर्भसूची जोडली. नवव्या इयत्तेंतील मुलांकडून एवढी अपेक्षाही कोणी करीत नाहीं.

पुस्तिकेची जुळणी मीं संगणकावर केली आणि पालकांना ती पीडीएफ स्वरूपांत धाडली. आठ दिवसांनीं एक पालक शाळेंत आले. त्यांचें मूळ घर आज धरणाच्या पाण्यांत आहे. त्यांनीं भ्रमणध्वनी माझ्यापुढें धरला व म्हणाले, "सर, पोरींनीं आमच्या पाड्याचं नांव लिहिलंय. कुठल्या यादींतनं घेतलं तें खालीं दिलंय, पण बोट लावलं तर कांहींच उघडत नाहीं." मीं बोट लावून पाहिलें. पडद्यावर उत्तर आलें: पान सांपडलें नाहीं. त्या दिवशीं शाळा सुटल्यावर मीं चौदाही दुवे एकेक करून तपासले. पांच उघडले, नऊ उघडले नाहींत. मुलींचा त्यांत यत्किंचितही दोष नव्हता. एक अपवाद सोडल्यास त्यांनीं पत्ते अक्षरशः बिनचूक उतरून घेतले होते. बिघाड बहुतेक माझ्या जुळणींतच झाला होता. तो कसा झाला हें शोधतांना जें कळलें तें येथें मांडतों, कारण पुढें महाविद्यालयांत गेल्यावर तुम्हांपैकीं प्रत्येकास अशी सूची करावी लागणार आहे, आणि हल्लीं प्रकल्पांच्या वह्यांतूनही ती मागितली जाते.

संदर्भसूची हा नुसता शिष्टाचार आहे असें पुष्कळांस वाटतें. आपल्या शेजारच्या अंबरनाथच्या शिवालयाचेंच उदाहरण घ्या. त्या मंदिरावरील शिलालेखांतील शकाचा आंकडा डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं प्रथम ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तोच लेख पुन्हा तपासून तो आंकडा ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचें दाखविलें. दोनशें वर्षांची चूक दुरुस्त झाली ती केवळ एका कारणानें: दुसऱ्या माणसास मूळ लेखापर्यंत जातां आलें. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचें वाचन जर असें तपासावें लागतें, तर तुमचें आमचें कां लागूं नये? मुद्रित ग्रंथांच्या बाबतींत ही वाट आपल्याकडे शंकर गणेश दाते ह्यांनीं बांधून दिली. १८०० ते १९३७ ह्या काळांतील मराठी ग्रंथांची त्यांनीं केलेली सूची आजही अभ्यासकाच्या हाताशीं असते. ग्रंथ मात्र कपाटांत जागच्या जागीं असतो. महाजालावरील पान तसें नसतें, आणि त्याचा पत्ता तर एका अक्षराच्या फरकानें निरुपयोगी होतो. टपालाच्या पत्त्यांत 'बदलापूर'चें 'बदलापुर' झालें तरी पोस्टमन पत्र आणून देतो. संगणक देत नाहीं.

आतां जुळणीकडे वळूं. शास्त्रीय ग्रंथांच्या जुळणीसाठीं जगभर जी प्रणाली वापरली जाते तिचें नांव टेक्. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील गणिती डोनाल्ड नूथ ह्यांना १९७७ सालीं आपल्याच एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें इतकीं कुरूप दिसलीं कीं, त्यांनीं ग्रंथलेखन बाजूस ठेवून अक्षरजुळणीची प्रणालीच रचावयास घेतली. पुढें लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनीं तिच्यावर लाटेक् ही सोपी मांडणी उभारली, आणि ओरेन पटाश्निक ह्यांनीं १९८५ च्या सुमारास संदर्भसूचीसाठीं बिबटेक् हा जोडकार्यक्रम लिहिला. हे तिन्ही कार्यक्रम महाजालाच्या आधींचे आहेत हें ध्यानांत ठेवा. टिम बर्नर्स-ली ह्यांचें महाजाल जगापुढें आलें तें १९९१ सालीं. तेव्हां टेक् रचणाराच्या मनांत 'पत्ता' नांवाची वस्तु असण्याचा संभवच नव्हता.

टेक् मध्यें मजकूर व आज्ञा एकाच धारिकेंत, एकाच ओळींत असतात. यास्तव नूथ ह्यांनीं कांहीं चिन्हें राखून ठेवलीं. % हें चिन्ह आलें कीं, त्या ओळींतील पुढचा सर्व मजकूर ही लेखकाची खासगी टीप समजावी व छापूं नये. _ हें चिन्ह गणितांतील खालचा अंक दाखवितें. & हें कोष्टकांतील रकाने वेगळे करितें. # ला आणखी निराळें काम आहे. ~ म्हणजे जेथें ओळ तोडावयाची नाहीं अशी मोकळी जागा. १९७८ सालीं ह्यांत अडचण कोणती होती? गणिताच्या पुस्तकांत टक्केवारी कितीशी येते! परंतु पुढें महाजालाचे पत्ते ठरविणाऱ्यांनीं नेमकीं हींच चिन्हें उचललीं. अधोरेषा शब्द जोडण्यासाठीं, & अनेक प्रश्न एका ओळींत घालण्यासाठीं, # पानांतील विशिष्ट जागेसाठीं, आणि % तर सर्वांत महत्त्वाच्या कामासाठीं. दोन घरांनीं एकच नांव दोन निरनिराळ्या मुलांना ठेवलें, आणि तीं मुलें एका वर्गांत येऊन बसलीं, तसा हा प्रकार झाला.

% चें काम काय तें मराठी माणसानें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण त्याचा खरा त्रास आपल्यालाच होतो. महाजालाचा पत्ता मुळांत रोमी अक्षरें, अंक व थोडीं चिन्हें एवढ्यांतच लिहावयाचा असतो. त्याबाहेरचें अक्षर आलें तर त्याचे संगणकीय अंश करून प्रत्येक अंश % आणि त्यापुढें दोन खुणा अशा रीतीनें लिहावा, असा नियम १९९४ सालापासून रूढ आहे. देवनागरीचें प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ ह्या पद्धतींत तीन अंशांचें होतें. (ही पद्धति केन टॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनीं १९९२ सालीं एका उपाहारगृहांतील मेजावरच्या कागदावर प्रथम मांडली, अशी तिची हकीकत सांगतात, मोठीं कामें मोठ्या कचेऱ्यांतच होतात असें नाहीं.) म्हणजे एका देवनागरी चिन्हाचीं पत्त्यांत नऊ चिन्हें होतात. 'ब' हें एकटें अक्षर असें लिहिलें जातें: टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार, टक्का, ए, सी.

हा हिशेब एकदां पाटीवर करून पाहा. मराठी विकिपीडियावर 'बारवी धरण' ह्या मथळ्याच्या पानाचा पत्ता कसा होईल? 'बारवी' ह्या शब्दांत संगणकाच्या दृष्टीनें पांच चिन्हें आहेत: ब, काना, र, व आणि दीर्घ वेलांटी. 'धरण' मध्यें तीन. एकूण आठ, नऊ गुणिले आठ म्हणजे ७२, मधली मोकळी जागा अधोरेषेनें भरतात, तें एक मिळून ७३. त्यापूर्वीं संकेतस्थळाच्या नांवाचीं ३० चिन्हें. असा दोन शब्दांच्या मथळ्याचा पत्ता १०३ चिन्हांचा झाला, आणि त्यांत चोवीस वेळां % आला! इंग्रजी मथळ्याच्या पानास ह्यांतलें कांहींच भोगावें लागत नाहीं. पडद्यावर आपणांस हा पत्ता देवनागरींतच दिसतो, कारण न्याहाळक तो आपल्यासाठीं उलगडून दाखवितो; पण तेथून उचलून दुसरीकडे चिकटविला कीं पुष्कळदां टक्क्यांची ती लांबलचक माळ बाहेर पडते.

माझी पहिली चूक येथेंच झाली. मुलींनीं दिलेले पत्ते मीं लाटेक् च्या धारिकेंत साध्या मजकुरासारखे चिकटविले. अधोरेषा, & आणि # आले तेथें कार्यक्रमानें लगेच तक्रार केली; मीं त्यांच्यामागें उलटी तिरपी रेघ देऊन त्यांना शांत केलें. % नें मात्र तक्रार केली नाहीं. तो चोरपावलांनीं आला आणि आपल्या मागचें सर्व गिळून बसला. ज्या चुकीबद्दल यंत्र ओरडतें ती चूक खरोखर उपकारकर्ती. यंत्र गप्प राहतें तेथेंच घात होतो. दोन पत्ते असे संकेतस्थळाच्या नांवापाशींच तुटले. त्यांतला एक विकिपीडियाचा होता. त्यावर बोट लावल्यास पान उघडे, पण तें मुखपृष्ठ! वाचकास वाटावें कीं लेखिकांनीं कांहीं न वाचतां नुसतें मोठें नांव लिहून ठेवलें आहे. न उघडणाऱ्या दुव्यापेक्षां भलतीकडे उघडणारा दुवा अधिक वाईट.

ह्यावरील उपाय जुना व सोपा आहे. डोनाल्ड आर्सेनो ह्यांनीं यूआरएल नांवाचा एक आज्ञासंच लिहून ठेवला आहे. त्याच्या आज्ञेच्या महिरपी कंसांत पत्ता ठेवला कीं, राखीव चिन्हांचे सर्व अधिकार तेवढ्यापुरते काढून घेतले जातात. % हा % च छापला जातो. तेथें स्वतःहून उलट्या रेघा घालूं नयेत. संदर्भांची टांचणें ठेवणारे कांहीं कार्यक्रम मोठ्या उत्साहानें अधोरेषेमागें उलटी रेघ आधींच घालून देतात. मग ती रेघच पत्त्याचा भाग बनते आणि दुवा मरतो. असा उत्साह दिसल्यास पुसून टाकावा. मात्र हीच यूआरएल आज्ञा तळटीपेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या आज्ञेच्या पोटांत गेली, तर % पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जातो, कारण बाहेरच्या आज्ञेनें मजकूर आधींच वाचून टाकलेला असतो. म्हणून टक्क्यांचे पत्ते तळटीपेंत न घालतां सूचींतच ठेवावे हें बरें.

बिबटेक् वापरणाऱ्यांना पूर्वीं आणखी एक संकट होतें. हा कार्यक्रम आपल्या धारिकेंत ७९ चिन्हांहून लांब ओळ लिहीत नसे. ओळ लांबली कीं मोकळी जागा पाहून ती तोडी. मोकळी जागाच नसली तर मध्येंच % टाकून पुढची ओळ धरी. आपल्या १०३ चिन्हांच्या पत्त्याचें काय होत असेल तें सांगावयास नको. हें वागणें १९८८ पासून तसेंच चालत आलें होतें. २०१० सालच्या नव्या आवृत्तींत पत्त्यांची ही तोडफोड थांबविण्यांत आली. कोणा जुन्या संगणकावर अद्याप आधींची आवृत्ति असेल तर ती बदलावी, एवढेंच.

आतां ओळीच्या शेवटाविषयीं. माझ्या नऊ दुव्यांपैकीं तीन ह्या एकाच कारणानें गेले, आणि सर्वांत जास्त गैरसमज ह्याच बाबतींत आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळीं जुळारी लांब शब्द ओळीच्या शेवटीं तोडून तेथें एक आडवी रेघ ठेवीत असे. वाचणाराचा डोळा ती रेघ विसरून शब्द सांधून घेई. डोळ्याचें हें औदार्य यंत्राला नसतें. पत्त्यांत आडवी रेघ घातली तर ती पत्त्याचाच भाग होते. म्हणून पत्ता मोडतांना रेघ मुळींच घालावयाची नसते. आणि ज्या पत्त्यांत रेघ मूळचीच आहे, तो त्या रेघेपाशीं मोडला तर वाचणारास कळत नाहीं कीं रेघ मूळची कीं जुळाऱ्याची. ह्या विचारानेंच यूआरएलसंच तिरप्या रेघेनंतर, पूर्णविरामानंतर, अधोरेषेनंतर ओळ मोडतो, आडव्या रेघेपाशीं मात्र सांगितल्याशिवाय मोडत नाहीं. नियम उत्तम, पण आमच्या टक्क्यांच्या माळेचें काय? 'बारवी' ची ४५ चिन्हांची लड त्याच्या दृष्टीनें एक अखंड शब्द आहे, मोडावयास जागाच नाहीं. मग ती समासांत घुसते, कधीं कागदाबाहेरही जाते. त्यासाठीं एक्सयूआरएल नांवाचा संच निघाला आहे. तो कोणत्याही चिन्हानंतर मोडण्यास मुभा देतो. पान देखणें दिसत नाहीं, पण पत्ता पुरा राहतो. मला विचाराल तर सूचींत देखणेपणाचा नंबर दुसरा.

तथापि, नुसता छापलेला पत्ता म्हणजे दुवा नव्हे. हें मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतें, असें लाजत लाजत सांगतों. पीडीएफ उघडणारा कार्यक्रम साध्या मजकुरांत पत्त्यासारखें कांहीं दिसलें कीं आपल्या अंदाजानें त्याचा दुवा करून देतो. म्हणूनच माझे पांच दुवे चालले! पण ओळ मोडली कीं पुष्कळदां त्याचा अंदाजही तेथेंच मोडतो. पहिल्या ओळींतला अर्धा पत्ता तो उघडूं पाहतो, आणि अर्ध्या पत्त्यावर कोणीच राहत नसतें. खरा दुवा करावयाचा तर सेबॅस्टियन राट्झ ह्यांनीं सुरू केलेला हायपररेफ हा संच लागतो. तो छापील अक्षरांच्या मागें, डोळ्यांना न दिसणारा, संपूर्ण पत्ता पीडीएफमध्यें नोंदवून ठेवतो. मग वरचीं अक्षरें दोन ओळींत मोडोत कीं तीन ओळींत, प्रत्येक तुकड्यामागें पत्ता एकच आणि पुरा असतो. एक पोटभेद सांगून ठेवतों: जुन्या मार्गानें, म्हणजे आधीं पोस्टस्क्रिप्ट करून मग पीडीएफ बनविणाऱ्यांस, दोन ओळींवर पसरलेला दुवा साधत नसे, हान थे थान्ह ह्यांच्या पीडीएफटेक् सारख्या, थेट पीडीएफ बनविणाऱ्या कार्यक्रमांनीं ती अडचण संपविली.

हायपररेफचा दुसरा उपयोग मराठी सूचीकारास फार आहे. छापलेलीं अक्षरें व मागचा पत्ता हीं निराळीं ठेवतां येतात. टक्क्यांची माळ कागदावर छापून कोणाचें भलें होणार? ती हातानें उतरून घेणें कोणास शक्य नाहीं. जोनाथन क्यू ह्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या झीटेक् सारख्या कार्यक्रमांत देवनागरी सरळ जुळवितां येते. तेथें छापावयास 'मराठी विकिपीडिया, बारवी धरण' एवढें वाचनीय नांव द्यावें आणि मागें टक्क्यांसह पुरा पत्ता ठेवावा. पडद्यावर वाचणारा बोट लावील, कागदावर वाचणारा नांव शोधील. पुस्तिका छापूनही वाटावयाची असेल तर कागदावरच्या वाचकास विसरूं नये. त्याला निळीं अक्षरें दाखवून काय उपयोग?

राहिलेल्या दोन चुका लहान, पण बोधप्रद. एका पत्त्यांत दोन आडव्या रेघा लागोपाठ होत्या. साध्या मजकुरांत लाटेक् अशा दोन रेघांची एक लांब रेघ करतें. छपाईंत ती शोभते, पत्त्यांत ती निराळें चिन्ह ठरते. दुसरी चूक डीओआयची. शास्त्रीय लेखांस एक कायमचा क्रमांक देतात, तो १० ह्या अंकानें सुरू होतो. त्यापुढें डीओआयच्या केंद्राचा पत्ता जोडला कीं तें केंद्र आपणांस लेख सध्यां जेथें असेल तेथें नेऊन सोडतें. मीं सर्व क्रमांकांपुढें तो पत्ता जोडीत गेलों. मुलींनीं मात्र एका ठिकाणीं क्रमांकाऐवजीं पत्त्यासह पुरा दुवाच लिहून दिला होता; त्यामुळें तेथें एकच पत्ता दोनदां लागला. बिबटेक् व बिबलाटेक् ह्यांच्या कित्येक शैली हा पत्ता आपण होऊन जोडतात, म्हणून डीओआयच्या रकान्यांत नुसता क्रमांक लिहावा. आणि पत्त्याच्या शेवटीं वाक्याचा पूर्णविराम देऊं नये. कोणी उतरून घेतांना तोही घेऊन जातो.

ह्या रीतीनें नवांपैकीं सात दुवे सांधले गेले. उरलेल्या दोहोंना जुळणीचा कोणताच उपाय लागू पडेना, कारण पत्ता अचूक होता. पानच नाहींसें झालें होतें. हा रोग सर्वत्र आहे. झिट्रेन, आल्बर्ट व लेसिग ह्या हार्वर्डमधील अभ्यासकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांपैकीं निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोंचत नाहींत. हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकांत तर हें प्रमाण शेंकडा सत्तरांहून अधिक निघालें. प्यू संशोधन संस्थेनें २०२४ सालीं सांगितलें कीं, २०१३ सालीं अस्तित्वांत असलेल्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनीं उघडत नव्हतीं. न्यायालयाच्या निकालाची ही दशा, तर शाळकरी पुस्तिकेची काय कथा!

ह्यावर दोन तोडगे माझ्या अनुभवास आले. पहिला, इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ साली स्थापन झालेली संस्था जगांतील पानांच्या प्रती साठविते, आणि २००१ पासून त्या सर्वांस पाहतां येतात. संदर्भ घेतांना त्याच दिवशीं पानाची प्रत तेथें साठवावी व तिचा पत्ताही सूचींत द्यावा. दुसरा, विकिपीडियासारख्या वारंवार बदलणाऱ्या ठिकाणीं पानाच्या प्रत्येक आवृत्तीचा वेगळा, स्थायी दुवा मिळतो. तो द्यावा, म्हणजे आपण वाचलें तेंच वाचकास दिसतें. पान पाहिल्याचा दिनांक तर नेहमींच लिहावा. आणि लांब पत्ता आंखूड करून देणाऱ्या सेवांच्या नादीं सूचींत तरी लागूं नये. ती सेवा बंद पडली कीं पत्ता आंखूडही राहत नाहीं, लांबही राहत नाहीं.

माझ्या दोन मेलेल्या दुव्यांपैकीं एकाची प्रत आर्काइव्हमध्यें सांपडली. दुसरा दुवा त्या पालकांच्या यादीचा होता. एका कार्यालयानें आपलें संकेतस्थळ नवें केलें, त्यांत तें पान गेलें. त्याची प्रतही कोणी साठविली नव्हती. मीं त्यांस तसें कळविणारच होतों. तेवढ्यांत दोघींपैकीं एकीनें आपली कच्ची वही आणली. तींत तिनें यादीचें पूर्ण शीर्षक, प्रसिद्ध करणाऱ्या कार्यालयाचें नांव, कागदाचा क्रमांक, त्यावरील तारीख, पाड्याचें नांव आलें तें पान, आणि स्वतः पाहिल्याचा दिवस, असें सर्व पेन्सिलीनें उतरून घेतलें होतें. जागा वाचवावी म्हणून सूचींतून तें सर्व गाळून नुसता पत्ता ठेवला होता तो मीं.

त्या वहींतील ओळ एका कोऱ्या कागदावर उतरून त्या गृहस्थांस दिली. कागदाचा क्रमांक व तारीख हातीं असल्यानें त्यांनीं कार्यालयांत रीतसर अर्ज करून प्रत मागितली आहे. ती अद्याप यावयाची आहे. पुस्तिकेची दुसरी आवृत्ति यंदां निघाली. तींत तेराव्या क्रमांकापुढें दुवा नाहीं, पेन्सिलीनें लिहिलेली ती ओळ आहे तशी आहे.